सातबारा शिरूरचा, रेंज दौंडची

आमच्या शेताचा सातबारा शिरूर तालुक्यातला, पण मोबाइलची रेंज दौंडची. मध्ये भीमा. नदीच्या अलीकडे महसूल, पलीकडे टॉवर. तहसील, पोलीस ठाणं, मतदान सगळं शिरूरला; फक्त ‘हॅलो’ म्हणायचं तर दौंडमार्गे. वारा नदीवरून आमच्याकडे असला की आवाज बरा येतो, असं गावात मानतात. शास्त्राला हे मान्य नाही, पण शास्त्राने आमच्या शिवारातून कधी फोन लावलेला नाही.

या शेतावर सुट्टीत राहायला म्हणून आम्ही एक जुना मालवाहू कंटेनर आणून ठेवलाय. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून चिरंजीवांच्या डोक्यात चाकांवरचं घर घोळत होतं. किमती ऐकल्यावर चाकं वगळायचं ठरलं. क्रेनने कंटेनर उतरवला, खिडक्या पाडल्या, ओटा घातला. गाव त्याला ‘डबा’ म्हणतं. धातूच्या पेटीत बाहेरची वीज शिरत नाही, हे फॅरेडे नावाच्या साहेबाने १८३६ मध्येच दाखवून दिलंय; रेडिओलहरींचंही तेच. आमच्याकडे ते दार लावल्यावर कळतं.

रेंजचा नकाशा शेजारच्या तात्यांना पाठ. “बांधाव एक काडी, इहिरीच्या कठड्याव दोन, आन् टाकीव चढलात तर फोर जी. पर लाइट गेली की टावरबी मरतो.” त्यामुळे आमच्या घरातल्या महत्त्वाच्या माणसांना टाकीवर चढावं लागतं. चिरंजीव खराडीच्या आयटी कंपनीत. अमेरिकेतल्या साहेबाशी ते टाकीवरून बोलत असताना खालून तात्यांच्या म्हशी जात, आणि साहेब दर वेळी विचारी, हे कोण बोललं?

पण साहेबाची सकाळ म्हणजे आमची रात्र, आणि रात्री टाकीवर जायची सोय नाही. उसात बिबट्या. हा थट्टेचा विषय नाही. २०२५ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या पिंपरखेड भागात माणसं गेली, लेकरं गेली. रात्री एकट्याने फिरू नका, फिरलात तर मोठ्याने बोला, मोबाइलवर गाणी लावा, असं सांगतात. आता गाणं लागायला नेट लागतं. ते टाकीवर. टाकीपर्यंत जायला गाणं. तात्यांनी यावर केव्हाच तोड काढलीय. त्यांच्या मोबाइलमध्ये एकच भारूड साठवलेलं आहे आणि ते वाजलं की तात्या बाहेर निघाले हे बिबट्यासकट सगळ्या वस्तीला समजतं.

तेव्हा चिरंजीवांनी जाहीर केलं, उपग्रहाचं नेट घ्यायचं. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये केंद्राचा परवाना मिळालेला, नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने त्यांच्याशी इरादापत्रही केलेलं. मी बातमी नीट वाचली. त्यात नावं गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव अशी. योग्यच आहे. शिरूरला दुर्गम म्हणायची कुणाची छाती? आमच्या तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी. तिथून फ्रिज आणि वॉशिंग मशिनी देशभर जातात. सरकारी व्याख्येत आम्ही दुर्गम नाही आणि मोबाइलवाल्यांच्या हिशेबात परवडणारे नाही. मधल्यांना देव वाली, तोही अष्टविनायकातला.

तात्यांना मात्र उपग्रहाचं काही कौतुक नव्हतं. शेजारच्या जुन्नर तालुक्यात आर्वीला १९७१ पासून उपग्रहाचं भूकेंद्र, आणि खोडदला दुर्बीण: ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. तात्यांचं म्हणणं, “तीसातली एक इकडं वळवली तर आख्ख्या शिरूरचं भागंल.” मी समजावलं की खोडदची दुर्बीण कुणाला काही पाठवत नाही. आकाशातून येतं तेवढं ऐकते. जागा निवडताना माणसांच्या रेडिओलहरींची कटकट कमी हवी, हेही पाहिलं होतं. थोडक्यात, आम्ही जिच्या नावाने बोटं मोडतो ती रेंजची टंचाई शास्त्रज्ञांनी शोधून पसंत केली होती.

“नुस्तं ऐकती? कायबी बोलत न्हाई?” तात्या विचारात पडले. “मंग एक ग्रामसभेला आणून बसवा.”

उपग्रहाची सेवा विकत मिळेपर्यंत थांबायला चिरंजीव तयार नव्हते. शेवटी गावातला केबलवाला धावून आला. दूध संकलन केंद्रापर्यंत त्याची फायबर होती. तिथून खांब, बाभूळ, पुन्हा खांब, मग शाळेमागचा ऊस ओलांडून काळी वायर डब्यात आली. पहिल्या रात्री आम्ही तिघं तीन मोबाइल घेऊन तीन दिशांना तोंडं करून बसलो. ज्या शांततेसाठी शेतावर येतो ती अशी प्रथमच लाभली.

मग कारखाना सुरू झाला आणि शाळेमागच्या उसाला तोड आली. टोळीने ऊस तोडला, वायरही तोडली. दोन्ही सारख्याच सफाईने. ती जोडली तर मालकाने पाचट पेटवलं. सकाळी पाहिलं तर वायरचा डांबरासारखा गोळा. केबलवाल्याचा पोरगा बांधावर छत्री रोवून बसला. तारेची साल काढली, आतली केसाएवढी काच स्पिरिटने पुसली, दोन टोकं मशिनमध्ये धरली. छोट्या पडद्यावर ती मोठी होऊन एकमेकांसमोर आली, किंचित सरकली, ठिणगी उडाली आणि एकजीव झाली. तात्या डोळे बारीक करून पाहत होते. “सोयरीक बरी जमली,” म्हणाले. पुढच्या आठवड्यात पाण्याच्या पाइपसाठी कुणीतरी जेसीबी लावला.

दरम्यान डब्याचा ओटा सेतू केंद्र झाला होता. ई-पीक पाहणी, शेतकरी ओळखपत्राची नोंद, कुणाच्या नातीचा निकाल, कांद्याचा भाव. वायर तुटली की आमच्याआधी गावाला कळे, आणि चौकशीला येणारा प्रत्येक जण चहा घेऊनच जाई. चौकशा वाढत्या, साखरही. बायकोने फर्मावलं, काय ते वरचं एकदा बघून घ्या.

चिरंजीवांना हुरूपच आला. जुने उपग्रह कसे सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, प्रश्न वर जाऊन खाली यायचा, उत्तरही तसंच, की प्रकाशाच्या वेगानेही अर्धा सेकंद जाणार. नवे कसे साडेपाचशे किलोमीटरवर आणि हजारोंनी. टीव्हीची छत्री एकदा आग्नेयेला रोखली की काम झालं, इथे उपग्रह सारखे पळतात म्हणून वर आभाळ मोकळं हवं. कंपनीचं ॲप आधीच उतरवून घेता येतं. मोबाइल आभाळाकडे धरून गोल फिरवायचा, मग ते सांगतं, अडथळा कुठे आहे. चिरंजीव डब्याच्या टपावर चढून गरागरा फिरले. खाली वस्ती जमली. अंगात आलंय की काय, असं एका म्हातारीने हळूच विचारलंही.

ॲपने एका बाजूला लालभडक डाग दाखवला. बांधावरची चिंच. झाड तात्यांचं. मोठ्या फांद्या उतरवल्या तर चालेल का, असं चिरंजीवांनी जरा चाचरत विचारलं.

तात्यांनी चिंचेकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं.

“वर किती हायेत म्हणालास?”

“हजारो आहेत तात्या.”

“मंग त्यातला येखादा नदीच्या अंगाला सरकवाय सांग त्यास्नी. चिंच माझ्या आज्यानं लावलीया.”