भिंतीवरील भेगांचा पंचनामा

मराठवाड्यातल्या आष्टीत वास्तुशांतीचा मुहूर्त ज्या तत्परतेने ठरतो त्या तत्परतेने गिलावा वाळत नाही, ही निसर्गाची बेअदबी गृहस्थाने प्रथमच ध्यानात घ्यावी. कारण रंगावरील कित्येक भेगांचा जन्म पत्रिका छापखान्यात गेल्या त्याच दिवशी झालेला असतो.

भेग दिसताच मिस्त्रीवर फिर्याद गुदरण्यापूर्वी तिचा रीतसर पंचनामा करावा. केसासारखी बारीक, जाळीदार भेग ही गिलाव्यात सिमेंट अधिक पडल्याची किंवा पाणी कमी मारल्याची कबुली होय. कॉलम आणि वीटकाम यांच्या सांध्यावरून सरळ धावणारी भेग ही तेथे कोंबडीजाळी न ठोकल्याची. आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून उन्हाळ्यात रुंदावणारी भेग ही बहुधा पायाखालच्या काळ्या मातीची कैफियत असून तिची दाद लावणे पुट्टीच्या डब्याच्या अखत्यारीत येत नाही. पावसात फुगणाऱ्या व उन्हात आकसणाऱ्या या मातीने 1948 पर्यंत निजामाचा हुकूम मानला नाही, पुढे लोकशाहीचाही मानला नाही.

गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावे, हा नियम निर्विवाद आहे. परंतु टँकरच्या प्रतीक्षेत घागरी रांगेला लागल्या असता भिंतीला पाणी पाजणाऱ्याकडे शेजारीण ज्या दृष्टीने पाहते ती सोसण्याचे धैर्य फार थोड्यांपाशी असते. म्हणून हे काम पावसाळा सरता सरता, विहिरीला पाणी असतानाच उरकावे, आणि नंतर चार आठवडे रंगाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नये. तो ‘एकच हात जाड मारतो, काही दिसायचं नाही’ असे आश्वासन देईल. जाड हात स्वतःच तडकतो.

दुरुस्तीचा तपशील थोडका आहे. सुटलेला रंग पत्र्याने खरवडावा, भेग टोकदार हत्याराने किंचित रुंद करावी, धूळ झाडून, जागा ओलसर करून पुट्टी दाबून भरावी, वाळल्यावर पॉलिश पेपर फिरवून प्रायमर लावावा व रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. तिरक्या भेगेला मात्र ही घाई लागू नाही. तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख घालावी आणि एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्यावा. भेग रेघ ओलांडून पुढे गेली, तर रंगाऱ्याचा हिशेब चुकता करून इंजिनिअरकडे जावे.