जुहूला उतरणाऱ्यांसाठी सूचना

आधी खालचा विमानतळ जुहूचाच आहे ना, ते बघून घ्या. हसू नका. १९५३ साली बीओएसीचं कॉमेट आणि १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझचा विमानतळ समजून जुहूला उतरलं होतं. ते मुरलेले कॅप्टन. तुम्ही तर मुलुंडहून दोन गाड्या बदलून आलेले.

विमान टायगर मॉथ धरू. धडाला पोलादी नळ्यांचा सांगाडा, पंखांना लाकडी, वर कापड, दोन मोठी चाकं पुढं आणि शेपटाखाली एक घसरपट्टी. मास्तर पुढं, तुम्ही मागं. उतरताना नाक वर, त्यामुळे समोर फक्त मास्तरांची टोपी दिसते. घाबरायचं कारण नाही. लोकलच्या दारापासून चौथ्या रांगेत उभं राहून अंधेरी आलं हे तुम्हाला कसं कळतं? कडेनं. इथंही कडेच्या गवताकडे बघा. ते वर येतंय असं वाटलं की स्टिक हळूहळू पोटाशी ओढत राहा. विमानाला टेकायची घाई असते, आपण टेकू द्यायचं नाही. अजून नाही, अजून नाही, करता करता पंखांतली ताकद संपते आणि ते आपसूक तिन्ही ठिकाणी बसतं. आधीच आपटलं तर चेंडूसारखं उडेल. तेव्हा स्टिक पुढं ढकलू नका. थ्रॉटल द्या आणि पुन्हा एक चक्कर मारून या.

टेकलं म्हणजे उतरलं, हा नवशिक्याचा मोठा गैरसमज. खरी भानगड इथून पुढं. घाटकोपरच्या मॉलमध्ये ट्रॉली भरून ती उलटी, दांडा पुढं ठेवून ढकलून बघा. चार पावलांत गर्रकन फिरते. तसंच इथं. वजन चाकांच्या मागं असल्यामुळे नाक जरा वाकडं झालं की शेपूट पुढं यायला बघतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. यात पंखाचं टोक जमिनीला घासतं आणि मास्तरांची भाषा बदलते. उपाय पायात आहे. कथ्थकच्या तत्कारासारखे रडरवर बारीक, भराभर ठोके द्या. लाथ नको. टायगर मॉथला मुळात ब्रेकच नव्हते, ते शोधू नका.

दुपारी समुद्रावरचा वारा साधारण धावपट्टीच्या रेषेत येतो, तोवर ठीक. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा डावीकडून शेपटाला धरतो. शिवाय पूर्वी जुहूचा चिखल व्हायचा. टाटांची टपालसेवा पावसाळ्यात पुण्याला हलायची.

त्याच जुहूला १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे पस मॉथ घेऊन उतरले. त्या विमानाची एक गंमत होती. चाकांच्या दांड्यांवरची आवरणं आडवी फिरवली की वारा अडायचा आणि वेग मोडायचा. १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, लेपर्ड मॉथ घेऊन त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. तेव्हा वयाची सबब सांगू नका. जुहूच्या फ्लाइंग क्लबचं शिकवणं आता धुळ्याला चालतं, ही सबब मात्र चालेल.

विमान थांबलं, पंखा थांबला, दोऱ्या बांधल्या, की मग पाय सैल सोडा. अंधेरी स्टेशनसाठी रिक्षा बघा. जवळचं भाडं म्हणून तिघे नाही म्हणतील. चौथा हो म्हणाला तर निवांत बसा. हिचं तिसरं चाक पुढं आहे.