पस्तीस वेळा पुसा

भंगारवाल्याची आरोळी आली की आमच्या सोसायटीत बाकीच्यांना रद्दी आठवते, अप्पांना चोर आठवतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चार हार्ड डिस्क, सात पेनड्राइव्ह आणि फ्लॉप्यांची एक चळत जपली आहे. ई-कचरा न्यायला आलेल्या पोराकडे त्यांनी आधी ओळखपत्र मागितलं, मग ओळखपत्राचं ओळखपत्र. पोरगं पुन्हा फिरकलं नाही.

डब्यात आहे काय? सोसायटीच्या जुन्या पाणीपट्टीचा हिशेब, भाचीची पत्रिका आणि संपादकांनी न छापलेली पत्रं. ही शत्रूच्या हाती लागली तर काय अनर्थ होईल ते अप्पाच जाणोत.

पण भीती अगदीच पोकळ नाही. डिलीट केलं म्हणून फाइल जात नाही. अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडावं, तेवढंच होतं. धडा आपला जागच्या जागी. हे कळल्यावर अप्पांची झोप उडाली. त्यात त्यांना पीटर गटमन सापडले. या गृहस्थांनी 1996 साली डिस्कवर 35 वेळा नवं काहीबाही गिरवून जुनं बुजवायची पद्धत मांडली होती. नव्या डिस्कना हे 35 चं खूळ लावू नका, असं पुढे त्यांनीच सांगितलं. हल्लीच्या हार्ड डिस्कला एकदा नीट गिरवलं तरी पुरतं, असं मी म्हणालो. अप्पा उखडले. "आचमन तीनदा आणि डिस्क एकदा? अहो, काही शास्त्र?"

500 जीबीच्या डिस्कची एक फेरी दीड तासाची. म्हणजे दोन दिवस नि दोन रात्री कॉम्प्युटरच्या खोलीत पंखासुद्धा हळू. बाविसावी फेरी चालू असताना गुरुवार उजाडला आणि वीज गेली. जपाची माळ मध्येच तुटावी तसे अप्पा बसून राहिले. संध्याकाळी वीज आल्यावर पुन्हा एकपासून.

पेनड्राइव्हला ही गिरवागिरवी सगळीकडे पोचेलच असं नाही. तो आतल्या आत जागा बदलत लिहितो. चुंबकाला तर तो दादच देत नाही. त्याचा चुराच केलेला बरा, असं माझ्या तोंडून निघून गेलं. अप्पांनी खलबत्ता मागितला. काकूंनी नुसतं पाहिलं.

मग हातोडी घेऊन गच्ची. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी पुष्कळदा काचेची असते, हे पहिल्याच घावाला कळलं. सुपलीत काचा गोळा करून अप्पा बॅटरीच्या उजेडात तासभर पाण्याच्या टाकीखाली शोधत होते. "एक तुकडा कमी भरतोय."

डेस्कटॉपची डिस्क मात्र त्यांनी रीतसर खोलली. चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू, त्यासाठी वेगळा पेचकस आणला. आत दोन चुंबकं निघाली, बोट चिमटतील अशा ताकदीची. ती टाकतील तर ते अप्पा कसले! दोन्ही फ्रिजच्या दारावर गेली. एकाखाली आधारची झेरॉक्स. दुसऱ्याखाली नेट बँकिंगचा पासवर्ड, चष्मा नसला तरी दिसावा म्हणून लाल स्केचपेनने.

परवा गॅसवाला पाणी प्यायला स्वयंपाकघरात थांबला होता. फ्रिजकडे बघत म्हणाला, "काका, अक्षर सुंदर आहे हो तुमचं."

अप्पा खूश झाले.