इमारत पाटीच्या मापाने

मुंबईच्या फोर्टातल्या जुन्या दगडी इमारतींना कमानी का काढल्या, यावर स्थापत्याच्या अभ्यासकांनी उगाच जाडजूड पुस्तकं लिहिली आहेत. कमान काढतात ती पाटी ठोकायला. मधोमध जो कीस्टोन असतो त्यात फास्टनर घट्ट बसतो, खांबावरच्या दगडी वेलबुट्टीला वायर गुंडाळता येते आणि उरलेल्या पोकळीत एसीचं बाहेरचं यंत्र बरोबर मावतं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स आणि त्यांच्या काळातल्या वास्तुविशारदांनी एकोणिसाव्या शतकात एवढी दूरदृष्टी दाखवली, आणि आपण स्टीव्हन्स यांना व्हीटी स्टेशन बांधणारे म्हणून लक्षात ठेवून मोकळे झालो.

हल्ली या विद्येला ‘आर्किटेक्चरल ब्रँडिंग’ म्हणतात. पाटी म्हणायचं नाही. पाटी पुण्यात असते आणि गिऱ्हाइकानं काय करू नये ते तिच्यावर लिहिलेलं असतं. इथे असतो तो ‘इमारतीच्या स्थापत्याशी एकरूप होणारा कायमस्वरूपी ब्रँड डिस्प्ले’. एकरूप होण्याचे मार्ग दोनच. इमारतीच्या मापानं पाटी करायची, नाहीतर पाटीच्या मापानं इमारत. पहिल्याला डोकं लागतं. दुसऱ्याला एसीपी शीट पुरते.

ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर, एवढीच ती शीट. पण तिची ताकद बघा. लाकडी झडपांच्या खिडक्या, ओतीव लोखंडाचे कठडे, पागोळ्या अडवणारा नक्षीदार छज्जा, हे सगळं उभं करायला कारागिरांच्या हयाती गेल्या. शीटवाला शुक्रवारी रात्री लोखंडी फ्रेम वेल्ड करतो आणि सोमवारी सकाळी तिथे लालभडक चौकोन असतो. मागच्या खिडक्या उघडत नाहीत हे खरं. पण उघडून बघायचं काय? समोरच्या इमारतीवरही शीटच आहे.

माझ्या मेव्हण्यानं अशाच एका इमारतीत तळमजल्यावर सोन्याचांदीची शोरूम घेतली आणि पाटीवाल्या कंत्राटदाराबरोबरच्या बैठकीला मला बोलावलं. ‘भावोजी, तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हाला यातलं कळतं,’ असं तो म्हणाला. पेपरात लिहिणाऱ्याला सगळं कळतं, या समजावर माझं घर चालत असल्यामुळे मी गेलो.

कंत्राटदारानं लॅपटॉपवर इमारतीचा फोटो दाखवला. पहिल्या चित्रात इमारत होती. दुसऱ्यात निम्मी होती. तिसऱ्यात पाटी होती आणि तिच्यावर गच्चीतली पाण्याची टाकी तेवढी दिसत होती. ‘ही टाकीपण रॅप करून देतो शेठ, सोनेरी,’ तो म्हणाला.

मी दादाभाई नौरोजी रोडचं उदाहरण काढलं. पूर्वीचा हॉर्नबी रोड. सलग कमानींच्या सावलीतून चालत जाता येईल असा आखलेला, आणि मग पाट्यांखाली गाडला गेलेला. 1995 मध्ये मुंबईला वारसा नियमावली मिळाली. त्यानंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. त्यांचा गाभा एका ओळीत सांगता येतो : पाटी कमानीच्या आत, कोरीवकाम झाकायचं नाही. दुकानदारांना बरोबर घेऊन काम झालं आणि 2004 साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. पाट्या जागच्या जागी लावल्याबद्दल आंतरराष्ट्रीय गौरव! रस्त्यावर न थुंकल्याबद्दल पद्मश्री मिळण्याइतकीच ही गोष्ट आपल्याकडे दुर्मीळ, त्यामुळे गौरव योग्यच होता.

कंत्राटदार पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, ‘कमानीच्या आत म्हणजे स्क्वेअर फूट किती कमी होणार, साहेब.’ त्याचं बिल स्क्वेअर फुटावर असतं. स्थापत्याचा आणि त्याचा संबंध एवढ्या एका वाक्यात स्पष्ट झाला.

मग मी त्याला लंडनला नेलं, म्हणजे बोलण्यातून. थेम्सच्या दक्षिण काठावर ऑक्सो या सूपच्या वड्यांच्या कंपनीनं 1920च्या दशकाच्या अखेरीस एक मनोरा बांधला. नदीकडे झगमगत्या जाहिराती करायला परवानगी मिळेना. वास्तुविशारद अल्बर्ट मूर यांनी मनोऱ्याला खिडक्याच अशा काढल्या : वर एक गोल, मध्ये फुली, खाली पुन्हा गोल. चारी बाजूंनी. अधिकाऱ्यांनी बघितलं तर जाहिरात कुठेच नाही, नुसत्या खिडक्या! आणि रात्री आत दिवे लागले की अख्ख्या लंडनला नाव वाचता येतं. त्याच शहरात मिशेलिनची 1911ची इमारत आहे. कोपऱ्यांवर टायरांच्या चवडीसारखे काचेचे घुमट, भिंतींवर मोटारींच्या शर्यतींची चित्रं रंगवलेल्या फरशा आणि रंगीत काचांच्या खिडक्यांत टायरांचाच बनलेला तो गुबगुबीत माणूस. कंपनी 1985 मध्ये निघून गेली, पण तो माणूस अजून काचेतच आहे. 

एवढं लांब जायचीही गरज नाही. फोर्टातच न्यू इंडिया ॲश्युरन्सची इमारत आहे, 1930च्या दशकातली. मास्टर, साठे आणि भुता यांचं स्थापत्य आणि दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांची कष्टकरी माणसांची उंचच उंच शिल्पं. विमा कुणासाठी काढायचा, हे पाटी वाचायच्या आधी मान वर केल्यावरच कळतं. ज्या कंपनीला टिकायचं होतं तिनं शिल्पकार बोलावला. आता बोलावतात तो ‘व्हेंडर’.

या सगळ्या व्याख्यानातून कंत्राटदारानं नेमकी एकच गोष्ट उचलली. ‘खिडकीला परवानगी लागत नाही?’ त्याचे डोळे चमकले. ‘मग आपण खिडक्याच पाडू. नावातला ज्वेलर्स घेऊ.’ मेव्हण्यानं विचारलं, ‘ज्वेची खिडकी कशी होईल?’ बराच वेळ दोघंही कागदावर ज्वे काढत बसले. रोमन लिपीत गोल आणि फुलीवर भागतं, आपल्याकडे अर्धा ज, मग व, मग डोक्यावर मात्रा. अशी खिडकी करायला सुतार राजी झाला तरी ती उघडायची कुठून?

पण यानिमित्तानं देवनागरीचा विषय निघाला ते बरं झालं. महाराष्ट्राच्या दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली : दुकानाचं नाव मराठीत हवंच आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले. न्यायालयानं सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि शहरातल्या समस्त फ्लेक्सवाल्यांची दिवाळी झाली. कागदावर नियम पाळला गेला. पण जुन्या दुकानावरची नावाची लाकडी पट्टी आखलेली असते रोमन अक्षरांसाठी. रोमन मोठी अक्षरं शिस्तीत एका उंचीची. देवनागरीला वर मात्रा-वेलांटीला जागा लागते, खाली उकाराला. ती कुणी ठेवलेलीच नसते. मग वेलांटी कापतात, उकाराला मुरगाळतात, नाहीतर पितळी अक्षरांवरून दोऱ्यांनी मराठी फ्लेक्स बांधतात. वास्तविक आपली लिपी आडव्या रेषेखाली लटकते. छज्ज्याखाली ओळीनं लावायला याहून सोयीची लिपी मिळणार नाही. दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणतो, छज्जा आहेच कुठे? बरोबर आहे. तो शीटच्या मागे आहे.

राहता राहिला ‘कायमस्वरूपी’. मुंबईत मोबाइलच्या एका दुकानावर आधी मॅक्सटच होतं. त्याचं ऑरेंज झालं, मग हच, 2007 मध्ये व्होडाफोन, 2020 मध्ये वी. मालक बदलला की रंग बदलतो, रंग बदलला की फ्रेम, आणि फ्रेम बदलली की ड्रिल. मालाडच्या त्या पिवळसर दगडानं शंभर पावसाळे सोसले. पाच नावं सोसताना त्याची चाळणी झाली.

मेव्हणा व्यवहारी. त्यानं शेवटी कोटेशनवर बोट ठेवून विचारलं, ‘हे कायमस्वरूपी लिहिलंय, म्हणजे किती वर्षं?’

कंत्राटदारानं कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. ‘खोटं नाही बोलणार, शेठ. एलईडीला दोन वर्षं. शीटला पाच. भोकांना लाइफटाइम.’