काय काम काढलंस?

१ जानेवारीला वहीत दोन संकल्प लिहिले. पहिला वजनाचा होता, त्याबद्दल न बोललेलं बरं. दुसरा असा की, दर रविवारी एका माणसाला फोन करायचा आणि तोही काही काम नसताना. रविवार बावन्न, म्हणजे माणसंही बावन्न. यादी करायला बसलो तर एकोणतिसाव्या नावावर पेन अडलं. रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाच्या मते माणसाला साधारण दीडशे जणांशी खरीखुरी ओळख ठेवता येते. माझी बावन्न भरेनात, म्हणून इस्त्रीवाला, गॅसवाला आणि दोन मेहुणे घातले. मेहुण्यांना हे सांगितलेलं नाही.

पहिला रविवार शाळेतल्या बाकावरच्या मित्राचा.

"ओळखलंस का?"

तिकडे जरा शांतता. मग, "हां हां, बोल. काय काम काढलंस?"

"काही नाही रे, सहजच."

"सहज म्हणजे?"

आता सहज म्हणजे काय हे मराठी माणसाला मराठीत कसं समजवायचं? मी थंडीचा विषय काढला, मुलांच्या शिक्षणाचा काढला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखी त्याची तोलूनमापून उत्तरं. चार मिनिटांनी त्यालाच राहवेना. "हे बघ, पॉलिसी मी काढलीय. दोन काढल्यात."

दुसऱ्या रविवारी नगरच्या काकांना लावला. उचलला काकूंनी, आणि माझा आवाज ऐकताच, "अगंबाई! कोण गेलं?" कुणीही गेलेलं नाही हे पटवण्यातच तो फोन संपला. काकूंचं तरी काय चुकलं म्हणा! कोपरा फाडलेलं कार्ड दारात पडलं की मजकूर वाचायच्या आधीच आंघोळीचं पाणी तापवायला ठेवणारी त्यांची पिढी. संध्याकाळी काकांनी परस्पर आमच्या हिला फोन करून विचारलं, "त्याचं ऑफिसात ठीक चाललंय ना?" तिसऱ्या रविवारी जुना सहकारी. त्याने 'हॅलो'च्या पाठोपाठच महिनाअखेर असल्याचं सांगून टाकलं. तारीख होती अठरा.

पूजेला बसवतात तेव्हा गुरुजी संकल्प सोडायला लावतात ते आठवतंय? देश, काळ, तिथी, गोत्र, नाव आणि हे सगळं कशासाठी. इतका तपशीलवार पत्ता पोस्टालाही लागत नाही. आणि एवढं झाल्यावर लगेच म्हणतात, "हातावरून पाणी सोडा." संकल्प करणं आणि त्यावर पाणी सोडणं, आमच्या पूर्वजांनी दोन्ही कामं एकाच पळीत उरकून ठेवलीत. आपण उगीच फेब्रुवारीपर्यंत थांबतो.

मी थांबलो. फेब्रुवारीत फोन सोडून व्हॉट्सॲपवर आलो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात. सगळ्यांना एकदम, "कसे आहात? आज तुमची फार आठवण आली." घाऊक आठवण. मग भाच्याने ज्ञान दिलं की, ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच हा मेसेज जातो. माझा गेला नऊ जणांना. त्यात बायको दोनदा, तिच्याकडे दोन सिम आहेत.

गंमत पुढेच आहे. आईचं कपाट आवरताना माझ्या लग्नाची आहेराची वही हाती लागली. 'ठाणेकर – ५१ – नारळ.' 'चाळीतले वरचे – स्टीलचा गंज.' 'साताऱ्याच्या वन्सं – १०१ – ब्लाऊजपीस (आपलाच परत आला).' प्रत्येक ओळीपुढे आईची पेन्सिलीतली खूण, म्हणजे फेड झाली. आईने माणसं टिकवायचा संकल्प वगैरे कधी केला नाही. ती हिशेब ठेवायची. ५१ आले, त्यांच्या मुंजीला १०१ द्यायचे. १०१ गेले की पुढची पाळी त्यांची. शेजारची वाटी आली तर ती रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर घालायचीच. म्हणजे खातं मिटायचंच नाही. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू चालायचं, त्यातही कोण आली आणि कोण नाही यावर वर्षभराची बोलाचाली ठरायची. जिच्याशी अबोला, तिची तर खडान्खडा खबर!

पत्राचंही तेच. १८७९ साली आपल्याकडे पोस्टकार्ड आलं ते पाव आण्याला; पुढे ते पन्नास पैशांपर्यंत गेलं, पण घरात पडलं की उत्तराचं देणं मानगुटीवर बसायचं. जोडकार्ड म्हणजे तर उघड सावकारी. उत्तराचे पैसेही लिहिणाऱ्यानेच भरलेले, आता तू लिहीत नाहीस म्हणजे काय? खाली वर 'लोभ असावा' आहेच.

हल्ली पत्रिकेवर छापतात, 'कृपया आहेर आणू नये.' वाचायला केवढं सुसंस्कृत वाटतं! बँकेचं खातं बंद झाल्याचं पत्रही असंच नम्र असतं.

तर, बावन्नांपैकी उलटून फोन आला तो एकाच बाईचा. मावशीचा. मी तिला केलेल्या फोनशी त्याचा काही संबंध नव्हता.

"अरे, दिवाळीत चकल्या दिल्या होत्या ना, तो माझा डबा तुझ्याकडे आहे का?"

"बघतो हं मावशी. सापडत नाहीये."

"नीट बघ. नाव घातलंय त्याच्यावर. गेल्या महिन्यातही हेच म्हणालास." मग गुडघा, सुनेची बदली, आंब्याचे भाव, बंड्याचं जमत नाहीये ते लग्न, असं करत पाऊण तास. ठेवता ठेवता, "शोध रे बाबा. पुढच्या रविवारी परत विचारीन."

डबा समोरच आहे, फ्रिजवर. झाकणावर मावशीचं नाव, खाली १४-२-८१. मी त्यात लवंगा ठेवतो.