भांडवलाविना घरोद्धार : एक अनावृत पत्र

मु. तिरुवलंचुळी, ता. कुंभकोणम, जि. तंजावर

श्रीमत् सकलवास्तूद्धारक, कर्जकल्पतरू, एकदिवसीय शिबिराचार्य गुरुजींच्या चरणी साष्टांग दंडवत. विनंती विशेष.

खिशात पैसा नको, हाताला अनुभव नको, मनात जिद्द तेवढी हवी, की कोणतेही पडके घर सहा महिन्यांत सोन्याचे होते, ही आपली शिकवण पुण्या-नाशिकचे वाडे ओलांडून कावेरीकाठी पोचू पाहते आहे, याचा आनंद वाटतो. पोचायलाच हवी. व्यंकोजीराजांनी 1670 च्या दशकात तंजावर घेतले तेव्हापासून या मुलखात मराठी बोलणारी घरे आहेत. 1855 मध्ये राज्य खालसा झाले तरी घरे राहिली, आणि माणसे चेन्नई-मुंबई-अमेरिकेला गेली तरी घरे राहिलीच आहेत. रस्त्याला लागून तिण्णै, म्हणजे आपली ओटी. आत लाकडी खांबांचा चौक. मागे लांबलचक परस. दोन्ही अंगांना शेजाऱ्याशी सामाईक भिंत. वर कौले आणि दाराला गंजलेले कुलूप. आपल्या भाषेत याला ‘झोपलेले भांडवल’ म्हणतात. शिवाय 2016 नंतर बारा वर्षांनी, 2028 मध्ये, कुंभकोणमला महामहमचा मेळा भरणार आहे. यात्रेकरूंना खोल्या लागतील, हे आपण हेरले असेलच. यात्रा दहा दिवसांची आणि कर्ज पंधरा वर्षांचे, हा किरकोळ हिशेब शिबिराच्या शुल्कात बसत नसावा.

शिबिरासाठी गावाची निवड मात्र आपण नकळत अचूक केलीत. इथले स्थलपुराण सांगते की कावेरी या ठिकाणी एका विवरात लुप्त झाली. राजाने काय केले तरी विवर बुजेना. अखेर हेरंड ऋषी स्वतः त्यात उतरले, तेव्हा नदी वर आली आणि उजवे वळण घेऊन पुढे गेली. जुन्या घराच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक ज्याने एकदा केले आहे त्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच, की ऋषी स्वतः उतरले. आपण शिबिरार्थींना उतरवता.

आमचे म्हणणे थोडके आहे. पैसा कमी असणे हे आपण नवख्याचे दुखणे मानता आणि त्यावर कर्जाचा उतारा देता. आमच्या मते जुन्या घराशी गाठ असेल तर पैसा कमी असणे हे नवख्याचे आणि घराचे, दोघांचेही कवच आहे. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला क्रमाने जावे लागते: आधी कागद, मग पाणी, मग छप्पर, अगदी शेवटी रंग. ज्याचा हप्ता सुरू झाला त्याला हाच क्रम उलटा घ्यावा लागतो, कारण भाडेकरूला रंग दिसतो. कागद दिसत नाही आणि उन्हाळ्यात पाणीही दिसत नाही. कुंभकोणमात 1828 साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोरचे दिवाण झाले तेव्हा संस्थान कर्जात होते. त्यांनी देणी फेडली आणि मग इमारती उभ्या केल्या. आपल्या शिबिरात ते नापास झाले असते.

कागदापासून सुरुवात करू, कारण तिथे पैशापेक्षा चिकाटी जास्त लागते. महाराष्ट्रातला माणूस सातबारा आणि फेरफार पाहून समाधान पावतो. इथे पट्टा पाहावा लागतो आणि दुय्यम निबंधकाकडून बोजाचा दाखला काढावा लागतो, ज्याला लोक विल्लंगम् म्हणतात. तोही पुरत नाही. देवळांच्या गावात पुष्कळ घरांखालची जमीन देवळाची असते. विकणारा विकतो ते वरचे बांधकाम. खालची अडिमनै देवाची, तिचे भाडे देवाला. तमिळनाडूच्या 1959 च्या हिंदू धार्मिक व धर्मादाय संस्था कायद्याचे कलम 34 म्हणते की आयुक्तांच्या मंजुरीवाचून देवस्थानाची स्थावर मालमत्ता विकली, गहाण टाकली किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने दिली तर तो व्यवहार शून्यवत. म्हणजे आपला शिबिरार्थी जी जमीन ‘दुसऱ्याच्या पैशाने’ घेईल ती विकणाऱ्याचीही नसण्याचा संभव आहे. मग वारस. राज्याने 1989 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला, हे न्यायाचे झाले. पण याचा अर्थ असा, की ओटीवर बसून सौदा ठरवणाऱ्या काकांची एकट्याची सही म्हणजे घर नव्हे. दोन आत्या आणि परदेशातली एक चुलत बहीण यांच्या सह्याही लागतील. आपल्या सहा महिन्यांच्या वेळापत्रकात चुलत बहिणीला एकही दिवस दिलेला दिसला नाही.

कागदांत परवानगीही आली. दारासुरम् इथून जवळच आहे. तिथल्या ऐरावतेश्वर मंदिरासारख्या केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती, 2010 च्या दुरुस्तीनंतर, 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढच्या 200 मीटरवर नियंत्रण. त्या 100 मीटरांत 16 जून 1992 च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराला परवानगी काढून दुरुस्ती करता येते. पाडून पुन्हा बांधणे मात्र दुरुस्तीत धरत नाहीत. आपला पहिला धडा ‘आधी पाडा’ असा असल्यामुळे ही तरतूद आपल्या पुस्तिकेत यायला जागाच नव्हती, हे आम्ही समजू शकतो.

आता पाणी. इथल्या देवळातला श्वेत विनायक समुद्रमंथनाच्या फेसाचा घडवला, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्याला अभिषेक घालत नाहीत; भीमसेनी कापराची पूड अंगावर भुरभुरतात. ज्या वस्तूला पाण्याने अपाय होतो तिला पाणी लावायचे नाही, हे इथल्या पुजाऱ्यांना कोणी शिबिरात शिकवलेले नाही. जुन्या घराची निम्मी विद्या एवढीच आहे. फुटके कौल, तुंबलेली पन्हळ, चौकातले गाळ धरलेले गटार, भिंतीलगत चढलेली माती, ही चार दुखणी शिडी, फावडे आणि चार दिवसांची मजुरी एवढ्यावर बरी होतात. ती तशीच राहिली तर वाशांची टोके कुजतात, वाळवी येते, आणि मग सुताराचे बिल येते. पण या कामाचा फोटो चांगला येत नाही. ‘आधीचे’ आणि ‘नंतरचे’ अशा दोन छायाचित्रांत साफ केलेले गटार शोभत नाही, म्हणून आपण शिबिरार्थीला थेट गिलाव्यावर नेता, आणि तिथे त्याच्या हाती सिमेंटची गोणी देता.

या गोणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. जुनी भिंत मऊ विटांची, चुन्यात किंवा मातीत रचलेली. जमिनीतली ओल तिच्यात चढतेच. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो आणि भिंत वाळते. सिमेंटचा गिलावा दार लावून घेतो. ओल आत अडकते, क्षार गिलाव्यामागे स्फटिक धरतात, लोणा लागतो, दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि जाताना विटेचा पापुद्रा घेऊन जातात. मालकाला वाटते सिमेंट हलके होते. तो अधिक कडक माल लावतो. असे दोनदा झाले की भिंत खरोखरच पाडण्याजोगी होते आणि आपले भाकीत खरे ठरते. छपराचेही तेच. काँक्रीट घनमीटरला सुमारे 2,500 किलो भरते. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर जेमतेम 10 सेंटिमीटरचा स्लॅब टाकला तरी सव्वादोन टनांहून अधिक ओझे होते, आणि ते पिढ्यान् पिढ्या फक्त कौले आणि वासे पेलणाऱ्या भिंतींवर बसते. त्यातल्या दोन भिंती तर शेजाऱ्याच्याही. शेजाऱ्यांची संमती घेणे ‘जिद्द’ या सदरात मोडते काय, ते कळवावे. उतरवलेले सागवान आपण कंत्राटदाराला ‘राडारोडा नेण्याच्या बदल्यात’ देऊन टाकायला सांगता. कारैक्कुडीच्या जुन्या बाजारात चेट्टिनाडच्या पाडलेल्या हवेल्यांचे खांब आणि दरवाजे काय भाव मिळवतात, ते एकदा पाहावे. घरातली सर्वांत मोलाची वस्तू नवखा फुकट देतो, आणि ती उचलून नेणाऱ्याचे वर आभार मानतो.

एका ठिकाणी उपरोध बाजूला ठेवावा लागतो. 16 जुलै 2004 रोजी कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि 94 मुले गेली. छप्पर स्वस्त होते, जिना अरुंद होता. कमी पैशात काम करणे आणि कमी पैशात परवानगी व सुरक्षितता टाळणे यांतले अंतर या शहराने मोजले आहे. म्हणून ‘महापालिकेचे नंतर पाहू’ हे आपले वाक्य या गावात तरी उच्चारू नये.

आपण म्हणाल, चुना ही श्रीमंतांची हौस आहे. गवंडी मिळत नाहीत, चुना मुरवायला दिवस लागतात, हिरडा-गूळ घालत बसायला वेळ कोणाला. यात तथ्य आहे. चुन्याचे काम हळू चालते आणि जाणता गवंडी आधी शोधावा लागतो. पण हळू चालणारे काम हप्ता असणाऱ्यालाच महाग पडते. ज्याने कर्ज काढलेले नाही तो या वर्षी एक भिंत करतो, पुढच्या वर्षी दुसरी, आणि पहिल्या भिंतीने जे शिकवले ते दुसरीला लावतो. अनुभव दुसऱ्या कोणत्या मार्गाने येतो ते आम्हांला ठाऊक नाही. जाणते हातही या भागात अजून आहेत, कारण इथल्या देवळांना दर बारा वर्षांनी जीर्णोद्धार करून कुंभाभिषेक करण्याची रीत आहे. कोसळण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी दुरुस्ती काढायची, ही व्यवस्था आपल्या त्रिसूत्रीहून बरीच जुनी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धीम्या गतीने चालणाऱ्याची वाट घर पाहील काय? वारस भांडत बसतात, घर पडते, आणि मग पाडणाराच व्यवहारी ठरतो. पुष्कळदा असे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पडणारी घरे दुरुस्तीच्या अभावी पडतात. त्यांना घाई वाचवत नाही, ताडपत्री वाचवते. मोठे भांडवल नसताना गल्ली उभी राहू शकते, याचा दाखला पुदुच्चेरीच्या वैसियाळ स्ट्रीटवर आहे. या शतकाच्या सुरुवातीला युरोपीय संघाच्या मदतीने आणि इंटॅक या वारसा-संवर्धन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली तिथल्या घरांच्या दर्शनी बाजू दुरुस्त झाल्या; खर्चाचा काही वाटा प्रकल्पाचा, काही मालकांचा. 2008 मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. घरे मालकांचीच राहिली, म्हणून आपल्याला हे उदाहरण रुचणार नाही. आपले लाडके उदाहरण सिसिलीतले, एका युरोत घर. तेही पूर्ण सांगावे: सांबुका गावाने 2019 मध्ये घरे एक युरोपासून पुकारली, पण तीन वर्षांत दुरुस्ती पुरी करण्याची अट आणि 5,000 युरोंची अनामत घेऊन. तिथल्या नगरपालिकेलाही ‘पैसा नको’ हे वाक्य एवढ्या धाडसाने उच्चारता आले नाही. आणि स्वामिमलैजवळच्या जुन्या घरांचे हॉटेल झाले, असे म्हणाल, तर ते खरे आहे. पण हॉटेलवाल्याकडे भांडवल होते आणि धंद्याचे ज्ञानही. आपल्या पहिल्या दोन्ही सूत्रांना त्याने हरताळ फासला.

राहता राहिला करारनामा. तिरुवलंचुळीच्या देवळात दगडात कोरलेली जाळीदार खिडकी आहे. जुने शिल्पी कामाचा करार लिहून देताना इतर काही अशाच वास्तूंबरोबर या खिडकीचा अपवाद लिहीत, असे तमिळ मुलखात सांगतात: वाटेल ते घडवून देऊ, हिच्या तोडीचे मात्र मागू नये. आपल्याला काय येत नाही हे कामाआधी कागदावर उतरवण्याची ही पद्धत नवख्याच्या फार कामाची आहे. गवंड्याशी करार करताना कामाच्या यादीपेक्षा न होणाऱ्या कामांची यादी आधी लिहून घ्यावी. जो गवंडी अशी यादी द्यायला कुरकुरतो त्याला काम देऊ नये. आपल्या शिबिराच्या पावतीवरही तसा एक रकाना छापावा, ही नम्र विनंती. रकाना मोठा ठेवावा.

कळावे, लोभ आहेच, वाढू देऊ नये.

ता. क. : पुढचे शिबिर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ठेवावे. इथला मुख्य पाऊस तेव्हाच्या ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. कोणते छप्पर कुठे गळते ते शिबिरार्थींना फुकट दिसेल, आणि त्या ओलीत शहाणा गवंडी गिलाव्याला हात लावत नसल्यामुळे कोणाचा पैसाही खर्च होणार नाही. छत्र्या ज्याच्या त्याने आणाव्यात.