अक्कांना विचारलंत का?

गेटवरच्या ॲपच्या मालकांनो,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. माझा पत्ताही वर टाकलेला नाही, तो तुमच्याकडे आहेच. माझा फ्लॅट, गाडीचा नंबर, घरात कोण कोण राहतं, सोमवारी रात्री साडेदहाला जेवणाचं पार्सल घेऊन कोण आलं होतं, हे बेंगळुरूतल्या आमच्या शेजाऱ्यांपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. शेजाऱ्यांना मी निदान चेहऱ्याने ओळखतो.

पण हे पत्र माझ्यासाठी कमी आणि अक्कांसाठी जास्त आहे. अक्का रायचूरकडच्या. आमच्या इमारतीत काही घरांची धुणीभांडी करतात. तुमच्या टॅबने त्यांचा फोटो घेतला, मोबाईल नंबर घेतला, आधारची प्रत सोसायटीच्या ऑफिसात जमा झाली आणि त्यांच्या हाती आकड्यांचा एक कोड आला. रोज सकाळी त्यांनी तो कोड दाबला की माझा फोन वाजतो: आल्या. किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, महिन्यात किती दिवस आल्या नाहीत, सगळं माझ्या हातात. शिवाय त्या आणखी कोणत्या फ्लॅटमध्ये काम करतात, तेही. माझ्या ऑफिसने माझी हजेरी अशी शेजारपाजारच्यांना दाखवली असती तर मी राजीनामा फेकला असता. अक्कांनी कोणाकडे फेकायचा?

आणि ते तारे! कामाला किती तारे, वेळेला किती, स्वभावाला किती. अक्कांना मात्र आम्हाला तारे देता येत नाहीत. पगार पाच तारखेला कोण देतं आणि पंधरापर्यंत कोण रखडवतं, आजारपणाचे पैसे कोण कापतं, आठव्या मजल्यावर घामाघूम होऊन आलेल्या बाईला आपलं बाथरूम वापरू न देणारं घर कोणतं, याचा रकाना तुम्ही ठेवलेला नाही. का नाही? जागा कमी पडली म्हणून नव्हे. मालकिणीच्या रागातून पडलेला एक तारा अक्का दुसरीकडे काम मागायला जातात तेव्हा त्यांच्या आधी तिथे पोचलेला असतो. त्यांच्या बाजूचं म्हणणं मात्र गेटबाहेरच राहतं.

‘सगळ्यांच्या संमतीने चालतं,’ असं तुमचा माणूस आमच्या असोसिएशनच्या बैठकीत सांगून गेला. कोणाच्या संमतीने? अक्कांना कोणी विचारलं नाही. फोटो नाही तर प्रवेश नाही, प्रवेश नाही तर पगार नाही. अशा अडचणीत धरून मिळवलेल्या होकाराला तुम्ही संमती म्हणता, तेव्हा लाज कशी वाटत नाही?

याच शहरात के. एस. पुट्टस्वामी नावाचे गृहस्थ राहत होते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. 2012 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी, त्यांनी आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्या वयात माणूस नातवंडांत रमतो, हे गृहस्थ सरकारशी भांडायला उभे राहिले. 24 ऑगस्ट 2017 रोजी 9 न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुट्टस्वामी ऑक्टोबर 2024 मध्ये, 98 व्या वर्षी गेले. त्यांनी मिळवलेला हक्क फक्त फ्लॅटच्या मालकांपुरता नव्हता. तो अक्कांचाही आहे, आणि दिवसभरात ज्या ज्या गेटवर जाईल तिथे फोटोला तोंड द्यावं लागणाऱ्या डिलिव्हरीच्या पोराचाही.

2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो वाचा. संमती मोकळेपणाने दिलेली, विनाअट आणि नेमक्या कामापुरती हवी, असं त्यात लिहिलं आहे. कायद्याने उदाहरणही दिलं आहे: फोनवरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधल्या नंबरांची यादी मागितली आणि बाईने होकार दिला, तरी तो होकार त्या यादीला लागू होत नाही, कारण सल्ल्यासाठी यादीची गरजच नाही. मग गेट उघडायला ताऱ्यांची गरज कुठे आहे? माहिती घेताना द्यायची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय हवी, हेही त्यात आहे. अक्का कन्नड वाचतात. तुमच्या अटी इंग्रजीत आहेत. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि त्यातली मुख्य बंधनं 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत. माहिती नीट न सांभाळल्यास दंड 250 कोटींपर्यंत आहे. तुम्ही दंडाच्या तारखेची वाट बघत असाल, तर तेवढं स्पष्ट सांगा.

सुरक्षितता हवी, हे मला मान्य आहे. आमच्याकडे एकटी राहणारी म्हातारी माणसं आहेत, चोऱ्याही होतात. पण त्यासाठी इंटरकॉमवरून ‘अमुक आलेत, सोडू का?’ एवढा प्रश्न पुरतो. बेळगावहून आलेल्या माझ्या मामांना तुमच्या टॅबसमोर उभं केलं, तेव्हा त्यांनी वॉचमनला विचारलं, ‘फोटो कशाला, आणि तो ठेवणार कुठे?’ वॉचमन बिचारा आसामचा पोरगा, त्याला कोणी सांगितलं होतं? मलाही सांगता आलं नाही. दोरीला पेन बांधलेली जुनी वही काही फार सुरक्षित नव्हती, पण ती भरली की संपायची. आणि त्या वहीने मला कधी गृहकर्जाची जाहिरात दाखवली नाही. तुमच्या ॲपमध्ये पाहुण्याला आत सोडण्याच्या बटणाआधी जाहिरात येते.

दारोदार गोळा केलेल्या माहितीचं काय होऊ शकतं, हे या शहराने नोव्हेंबर 2022 मध्ये पाहिलं. मतदार जागृतीच्या नावाखाली चिलुमे नावाच्या संस्थेच्या माणसांनी घरोघरी माहिती गोळा केली, सरकारी ओळखपत्रं गळ्यात घालून फिरल्याचा आरोप झाला, काहींना अटक झाली, आणि शिवाजीनगर, चिकपेट, महादेवपुरा या तीन मतदारसंघांच्या याद्या निवडणूक आयोगाला पुन्हा तपासायला लावाव्या लागल्या. ती माहिती गोळा करायला माणसांना जिने चढावे लागले होते. तुमच्याकडे लोक स्वतः चालत येतात.

तुमचे जुने टॅब बदलले की कुठे जातात, तेही सांगा. एस. पी. रोडवर जुने लॅपटॉप, हार्डडिस्क, फोन कसे ढिगाने विकले जातात, ते या शहरात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गेटवरच्या टॅबला लॉकसुद्धा नाही. परवा केबिनसमोर उभा राहून मी आदल्या दिवशीचे सगळे पाहुणे फोटोसकट वाचले, कोणी अडवलं नाही.

असोसिएशनच्या येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. घरकामाला येणाऱ्यांचे तारे आणि हजेरी बंद. कोणत्या घरी काम करतात, ते इतर घरांना दिसणं बंद. पाहुण्याचा फोटो तो बाहेर पडला की पुसायचा. जाहिराती बंद. अटी कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदीत गेटवर लावायच्या. आणि अक्कांनी सांगताच त्यांची सगळी माहिती काढून टाकायची, तरीही त्यांना कामावर सोडायचं. हे तुम्हाला जमणार नसेल तर सभेच्या आधी लेखी कळवा, म्हणजे ठरावात आणखी एक ओळ घालता येईल: हा टॅब काढून तुमच्या ऑफिसात परत पाठवायचा.